साहेब, आमचं अन्नदान तुमच्या खात्यात जमा धरू नका

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या कार्यक्रमात आपण आमच्या चार मंडळांचा सत्कार केलात, शाल दिलीत, नारळ दिलात, सोबत फोटो काढलात, त्याबद्दल आभार. आता मुद्द्याचं बोलतो.

माईकवरून आपण म्हणालात की अशी देवाची माणसं गावोगाव आहेत म्हणून सरकारला गरिबाची काळजी करावी लागत नाही. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर आम्ही म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं निवेदन पुढे केलं, तर वरचं पान बघून आपण ते पीएकडे सरकवलंत आणि आमच्या बुवांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "महाराज, तुम्ही आपलं भजन करा, हे राजकारण तुम्हाला शोभत नाही." बुवा वयस्कर माणूस, हसले आणि गप्प बसले. मला काही हसू आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही खुलं, कारण बंद पाकिटाची तुमच्याकडे काय गत होते ते मी डोळ्यांनी बघितलंय, गुच्छांच्या खाली गेलं ते निवेदन.

आम्ही कोण ते आधी सांगतो, कारण सत्काराच्या यादीत नुसती मंडळांची नावं होती. एक आमचं भजनी मंडळ, एक मशिदीची कमिटी, एक चर्चमधली मंडळी आणि एक विहारातला महिलांचा गट. आधी सगळे आपापलं करायचो. सप्ताह संपला की आमचा महाप्रसाद आणि उरलेल्या वर्गणीतून दहा-वीस घरांना किराणा, त्यांच्याकडे रमजानमध्ये जकातीतून किट, चर्चवाल्यांचं औषधपाण्याचं, विहारातल्या ताईंचं वह्यापुस्तकांचं. मग लॉकडाऊनमध्ये एकदा चौघांनी याद्या एकत्र ठेवल्या, उगाच डबल वाटप नको म्हणून. तर काय, तीच नावं! एकच म्हातारी चारही याद्यांत. आणि तिला नेमकं काय कमी आहे ते विचारायला गेलो तर कळलं की तिला ना आमचा किराणा पाहिजे ना त्यांचं किट, तिची पेन्शन बंद पडलीय आणि ती का बंद पडली हे तिला कुणी सांगत नाही. बहुतेकांचं हेच. कुणाचं रेशनकार्ड ऑनलाईन दिसत नाही, कुणाचं आधार भलत्याच खात्याला लिंक, कुणाचा उत्पन्नाचा दाखला संपलेला.

तेव्हापासून बाजारच्या दिवशी आमच्या सभामंडपात एक टेबल लागतं. दोन पोरं लॅपटॉप घेऊन बसतात, एक मशिदीतला, एक आमच्यातला, आणि विहारातल्या एक ताई कागद लावून देतात. ह्याला तुम्ही राजकारण म्हणता.

आता माझ्या घरचं सांगतो, म्हणजे राग कुठून येतो ते कळेल. माझी आत्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, एका खोलीत एकटी राहते, वय ७० च्या वर. मला लहानपणी तिनेच सांभाळलं. तिला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिन्याला १५०० मिळायचे. मग पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येणार म्हणून सगळ्यांची कागदपत्रं परत मागितली. अंगठा द्यायला गेलो तर अंगठा उठेना. जन्मभर लोकांच्या रानात खुरपलेल्या बाईच्या बोटाला रेषा राहतात का हो? ती पदराने बोट पुसायची, फुंकर मारायची, परत काचेवर दाबायची, मशीन लाल. मग ऑपरेटर म्हणाला आजी, दुसरं बोट. दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हाय का न्हाय, तूच सांग बाबा ह्याला." मागे रांगेतले हसले. मीपण हसलो असतो, दुसऱ्या कुणाची आत्या असती तर.

ते कसंबसं झालं, तर नवीन उत्पन्नाचा दाखला आणा. तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पाटी बदललीय, काम तेच) उत्पन्न टाकलं २४,०००. वर्षाचं. आणि तुमची मर्यादा २१,०००. झालं, तीन हजाराने आत्या श्रीमंत झाली. नाव कमी. मी कारखान्यात रोजावर आहे, खाडा केला की पगार कापतात, तरी दाखला दुरुस्त करायला हेलपाटे घालतोय. सेतूत गेलो की सर्व्हर डाऊन, तहसीलला गेलो की साहेब मीटिंगला, साहेब सापडले तर क्लार्क रजेवर. तिचं औषध आणि घरभाडं मी बघतो. घरात ह्यावरून वाद होतात. बायकोचं चुकीचंही नाही, पोरीच्या क्लासची फी थकलीय. हे सगळं निवेदनात लिहिलं नव्हतं, तिथे फक्त मागण्या होत्या आणि भाषा अगदी नम्र होती, "कृपया" शब्द किती वेळा होता बघा. नम्र भाषेचं काय झालं ते कळलं, म्हणून आता असं लिहितोय.

आता तो २१,००० चा आकडा घ्या जरा. भागिले ३६५ करा. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा भरत नाहीत. आणि हे एका माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. तुमच्याच रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे घरातल्या एकाने शंभर दिवस माती उचलली तर ३१,२०० झाले आणि घरातली म्हातारी निराधार राहिली नाही. सरकारने दिलेल्या कामावर गेलं की सरकारने दिलेली पेन्शन जाते, हे कुठल्या डोक्यातून निघालं?

आणि गरीब म्हणजे कोण हे तरी एकदा ठरवा की राव. पेन्शनला २१,०००. रेशनच्या प्राधान्य यादीला गावात ४४,००० आणि शहरात ५९,०००. धर्मादाय हॉस्पिटलात फुकट बेडसाठी १ लाख ८० हजार. म्हाताऱ्यांच्या चष्मा-काठीसारख्या साहित्याच्या वयोश्री योजनेला २ लाख. लाडक्या बहिणीला अडीच लाख. तोच माणूस, तेच घर, तोच तहसीलदार. हॉस्पिटलात गेला तर निर्धन आणि बाहेर येऊन पेन्शन मागितली तर मालदार!

बहिणींना देता ते द्या, जरूर द्या, माझ्या बायकोलाही येतात ते १५००, मी नाकारत नाही. पण वय ६५ झालं की ती योजना संपते. मग श्रावणबाळ. म्हणजे ६५ पर्यंत जिच्या घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असलं तरी चालत होतं, तिला ६५ नंतर २१,००० च्या आत बसून दाखवायचंय. अंगात बळ होतं तेव्हा लाडकी, म्हातारी झाली की परकी. ह्यावर एकाही आमदाराने सभागृह डोक्यावर घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि वचन! नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापुरात सत्ताधाऱ्यांनी दहा आश्वासनं जाहीर केली होती, त्यात वृद्धांची पेन्शन १५०० वरून २१०० करू असं होतं. बहिणींच्या २१०० वर निदान टीव्हीवर चर्चा तरी होते. म्हाताऱ्यांच्या २१०० चं कुणाला आठवतंय? निवडणूक होऊन वर्ष उलटून गेलं. केंद्राचं तर विचारूच नका, दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये, २००७ पासून तोच. तेव्हापासून तुमच्या आमदारांचे पगार-भत्ते किती वेळा वाढले ते मी सांगायला पाहिजे का.

देवाधर्माला पैसा नाही असंही नाही. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत एका ज्येष्ठ नागरिकाच्या यात्रेवर ३०,००० पर्यंत खर्च करायची तयारी आहे आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ३०,००० म्हणजे आत्याच्या पेन्शनचे वीस महिने. म्हणजे ती काशीला जायला पात्र आहे, घरी बसून भाकरी खायला नाही. दिंड्यांना वीस-वीस हजार अनुदान देता, आनंद आहे, आमचीही दिंडी जाते. आषाढीला मुख्यमंत्री पहाटे शासकीय महापूजा करतात, कॅमेरे लावून. तेव्हा भक्तीत राजकारण आलं असं कुणी म्हणत नाही. म्हातारीची पेन्शन मागितली की मात्र लगेच येतं.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला माहीत असतील. नसतील तर बुवांना विचारा, त्यांचं ते आख्यान फार रंगतं. दामाजीपंत बिदरच्या बादशहाच्या नोकरीत. दुष्काळ पडला, लोक मरायला लागले, तर त्यांनी घरची चूल पेटवून चार पंगती उठवल्या आणि पुण्य घेऊन झोपले असं नाही केलं. त्यांनी सरकारी कोठार उघडलं. बादशहाचं! आणि कीर्तनात सांगतात की त्याची भरपाई करायला खुद्द पांडुरंग विठू महार होऊन बिदरला गेला. म्हणजे आमच्या परंपरेत कोठार उघडायला लावणं हीच भक्ती आहे. तुकोबांनीही दुष्काळानंतर आपल्या वाट्याची देणेकऱ्यांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, नुसतं व्याज कमी करून थांबले नाहीत. आता ह्यांना कोण म्हणणार, महाराज तुम्ही आपलं भजन करा?

चर्चचे फादर एकदा टेबलाशी बसल्या बसल्या सांगत होते, १९९८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला बड्या देशांचे नेते जमले होते तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास लोकांनी हातात हात धरून साखळी केली. चर्चची माणसं त्यात पुढे होती. त्यांनी डबे फिरवून गरीब देशांसाठी वर्गणी नाही गोळा केली, गरीब देशांची कर्जं माफ करा एवढंच मागितलं. आणि पुढे बऱ्याच देशांची झाली बरं का. लंडनच्या पूर्व भागात २००१ मध्ये चर्च, मशिदी, शाळा, युनियन सगळ्यांनी मिळून सफाईवाल्यांना जगण्यापुरता पगार द्या म्हणून मोहीम काढली. बँकांच्या दारात जाऊन मागितलं. तिथेही त्यांना कुणीतरी म्हणालं असेलच, तुम्ही प्रार्थना करा म्हणून. हे मी परदेशाचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तिचा पुढे कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला. तेव्हा लोकांना काम हक्काचं मिळालं, कुणाच्या पंगतीत बसून नाही. हे आपल्याच राज्याने केलंय. आता काय झालं?

मला वाटतं तुम्हाला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा आहे. निवडणुकीच्या आधी तुम्ही चौघांकडे वेगवेगळे येता. आमच्याकडे भगवं उपरणं, तिकडे इफ्तारला टोपी, नाताळला केक, १४ एप्रिलला निळा फेटा. वेगवेगळे असलो की आम्ही "समाज". एका टेबलावर बसलो की तुमच्या कार्यकर्त्यांच्या पोटात दुखतं. तुमच्यातलाच एक जण सत्काराच्या आधी बुवांना बाजूला घेऊन विचारून गेला, "त्यांच्याबरोबर कशाला बसता?" भोंग्यावरून आम्ही एकमेकांची डोकी फोडली असती तर आपण दोन्हीकडे सांत्वनाला आला असतात, फंडही मिळाला असता. आणि अधिकारी तसलेच. तहसीलला एकेकटे गेलो की उद्या या. चौघं मिळून गेलो की "मोर्चा आणलाय का, परवानगी आहे का".

दान आम्ही थांबवणार नाही, ते तुमच्यासाठी करत नव्हतोच. पण ते तुमच्या खात्याच्या यशात धरू नका. मशिदीतला माणूस जकातीचे अडीच टक्के काढतो ते अल्लाला हिशोब द्यायला, तुमच्या भाषणात वापरायला नाही. आणि गणिताने बघा, चार मंडळं जीव काढून महिन्याला किती घरं सांभाळणार? तुमच्या एका शासन निर्णयाने जेवढ्या घरात पैसे जातील तेवढे आमच्या सात पिढ्यांच्या वर्गणीत जमणार नाहीत.

तर ती २१,००० ची मर्यादा उचला, दुसरीकडे अडीच लाख चालते तर इथेही चालवा. जे २१०० बोललात ते द्या आणि पेन्शनची तारीख ठरवून टाका, कधी दोन महिन्यांनी कधी तीन महिन्यांनी असं नको, भाडं काय तीन महिन्यांनी द्यायचं असतं का. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांचं नाव कापायच्या आधी माणूस घरी पाठवा. आणि ज्याचं नाव कमी केलं त्याला कारण लेखी द्या, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात.

निवेदनाची प्रत परत पाठवतोय. पोच पाहिजे, तारीख-सही-शिक्क्यासकट. महिनाअखेरपर्यंत आली नाही तर सभामंडपातलं टेबल उचलून तहसीलच्या दारात मांडणार आहोत, चारही मंडळांची संमती झालीय. मौलाना सतरंज्या देतायत, चर्चकडून खुर्च्या, पाण्याचं विहारातल्या ताई बघतायत. अधिकारी तेवढा तुमच्याकडचा पाठवा.

आपला,
भजनी मंडळातला एक टाळकरी
(नाव-पत्ता निवेदनावर आहे)