कार्बोरेटर बदलण्याआधी पेट्रोल बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

ई-२० पेट्रोलवर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं येतायत ती वाचतोय. एक जण म्हणतो जुन्या गाड्या सगळ्या भंगारात निघणार, दुसरा म्हणतो काही होत नाही, सगळ्या व्हॉट्सअपच्या अफवा. जुनी जीप, जुनी जिप्सी ठेवणाऱ्या माणसाला या दोन्हीचा उपयोग शून्य, कारण त्याची गाडी आत्ता घाटात बंद पडलीये आणि मिस्त्री म्हणतोय साहेब कार्बोरेटर गेला, नवीन टाकू.

आधीच सांगतो, मी इथेनॉलच्या विरोधातला नाही. कराडकडचा माणूस, ऊस आमचाही कारखान्याला जातो, डिस्टिलरीला चार पैसे सुटले तर उसाचं बिल वेळेवर निघतं हे इकडं पोराटोरांनाही माहितीये. पण म्हणून कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, आमच्या भाषेत कार्ब) गाडीत काय होतं ते बोलायचंच नाही असं थोडीच आहे.

मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ ला आली, पहिलं इंजिन ९७० सीसीचं, नंतर १९९६ ला १३०० सीसीची जिप्सी किंग आली, तीही आधी कार्बोरेटरवरच, कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारं इंजेक्शन २००० च्या सुमारास. म्हणजे डोंगरात फिरणाऱ्या जुन्या जिप्स्यांपैकी कितीतरी अजून कार्बवर चालतात, महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप तर सगळ्याच. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरला सेन्सर असला की तो बघतो हवा जास्त झाली का पेट्रोल, आणि कॉम्प्युटर सुधारून घेतो. कार्बोरेटरला तसलं डोकं नाही, जेटचं (पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा) भोक जेवढं तेवढंच पेट्रोल जाणार. साध्या पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, नुसत्या इथेनॉलला ९, मग वीस टक्के मिसळलं की हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे त्याच जेटवर इंजिन सात-आठ टक्के उपाशी चालतं. पिकअप मरतो, सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, चढाला इंजिन तापतं, प्लग काढला तर टोक पांढरंफटक. पीयूसीला मात्र झकास पास होते, जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत लागतो तो आरामात बसतो, हेही खरंय ते कबूल केलं पाहिजे.

पण खरी गोची जेटच्या आधी आहे, टाकी ते कार्ब या रस्त्यात. पंचवीस-तीस वर्षांच्या टाकीच्या आत गंज आणि जुन्या पेट्रोलची राळ चिकटून बसलेली असते, इथेनॉल ती सोडवतं आणि पुढं ढकलतं, फिल्टर तुंबतो, त्यातून निसटलेलं बारीक जेटमध्ये आणि कार्बमध्ये येणारं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या निडलच्या सीटवर जाऊन बसतं. दुसरं रबर. जुन्या काळची पेट्रोलची नळी या मिश्रणासाठी बनलेलीच नव्हती. बाहेरून एकदम ठीक दिसते, दोन इंच कापून ब्लेडनं उभी चिरा, आतली बाजू फुगलेली आणि बोट फिरवलं की काळं येतं. अशी नळी इंजिन चालू असताना ओढीनं आतल्या आत चपटी होते, गाडी थांबली की परत गोल, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही म्हणजे काही सापडत नाही. तिसरं पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आमच्याकडं आणि खाली कोकणात चार महिने काय हवा असते ते सांगायला नको, अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि पंप उचलतो तळातलंच. चौथं म्हणजे कार्बची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमच्या ओतकामाची, फ्लोटच्या वाटीचं (कार्बमध्ये पेट्रोल साठतं ती वाटी) झाकण काढलं की तळाला पांढरी भुकटी दिसते ती त्या पाण्याची करामत.

आता गाडी बंद कधी पडते ते आधी बघा, निम्मं निदान तिथंच होतं. सरळ रस्त्याला साठच्या वर झटके खाते आणि स्लोला छान चालते, तर पेट्रोल पुरत नाहीये, कार्बला हात लावू नका. टाकीचं झाकण उघडा, फुस्स करून हवा आत ओढली आणि नंतर गाडी चालायला लागली तर झाकणाचा श्वास बुजलाय, धुऊन काढा नाहीतर झाकण बदला, खर्च काहीच नाही. तसं नसेल तर कार्बला येणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा, आधी कॉइलची (ठिणगीला वीज देणारी) मेन वायर काढून अर्थ करा म्हणजे ठिणगी उडणार नाही, इंजिन गार पाहिजे, बिडी लांब, आणि मग दोन-चार सेकंद सेल्फ मारा. एसी पंपानं (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) दणक्यात धार मारली पाहिजे. धार बारीक असेल तर पंपाच्या आधीची नळी काढून टाकीकडून येतंय का बघा. आणि ती बाटली फेकू नका, उजेडात धरा, खाली गंज दिसेल, पाण्याचा थर असेल तर तोही दिसेल.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते पण घरी समजतं. उंच बारक्या बाटलीवर सारख्या खुणा करा, दहा भाग पेट्रोल, एक भाग पाणी, झाकण लावून हलवा, ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर एकाचा जवळपास तीन भाग झाला तर ई-२०, दोन झाला तर ई-१०. प्रयोगशाळेतलं माप नव्हे पण आपल्याला तेवढं पुरतं.

घाटात तापल्यावर बंद, अर्ध्या तासानं आपोआप चालू, हा प्रकार वेगळा. पंप इंजिनलाच चिकटलेला, चढाला दुसऱ्या गिअरात वारा लागत नाही, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ पंप करत बसतो. जिप्सीच्या पंपाला परतीची तिसरी नळी असते, वाफ त्या वाटेनं टाकीत जावी म्हणून, आणि ती नळी कुणी बोळा घालून बंद केलेली असते किंवा कचऱ्यानं तुंबलेली. ती आधी मोकळी करा. पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय आजही चालतो, पण तो घरी पोचण्यापुरता. आणि असली खोड कॉइल तापून पण होते, म्हणून बंद पडल्या पडल्या ठिणगी आहे का बघायला विसरू नका, कार्बोरेटरच्या नावावर खपवलेल्या कितीतरी तक्रारी कॉइल-कंडेन्सरच्या असतात.

स्लोला राहत नाही, रेसवर चालते, तर मग मात्र कार्बकडं वळा. चावी टाकली की कार्बच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) टक् आवाज यायला पाहिजे, नाही आला तर वायर बघा, वायरच्या टोकाच्या दहा रुपयाच्या थिंबलीसाठी कार्ब उतरवलेले बघितलेत. आवाज आला तर स्लो जेट हवेनं फुंका, तार घालू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं. कार्बच्या बुडाच्या पॅकिंगमधून हवा खेचत असेल तरीही हेच होतं, क्लीनरचा स्प्रे बुडाशी थोडा मारला आणि इंजिनचा आवाज बदलला की समजायचं (गरम सायलेन्सरवर स्प्रे उडवू नका, कृपा करा). ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी गचका आणि मग उचलते, तर इंजिन बंद करून वरून कार्बच्या घशात बघा, लिव्हर ओढला की पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे, नाही उडाली तर बहुतेक डायफ्राम (आतल्या छोट्या पंपाचा पडदा) गेलाय, तोही रबरच.

तिरक्या उतारावर किंवा खड्या चढावर बंद पडते ती ऑफरोडवाल्यांची खास तक्रार. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, जेट उघडा पडतो किंवा उलट इंजिनात ओततं. वाटीला काचेची खिडकी आहे, गाडी सपाटीला उभी करून पेट्रोल मधल्या ठिपक्याशी आहे का एवढं बघा, लेव्हल नीट असली तर निम्मा त्रास जातो, उरलेला निम्मा राहतो, कार्बोरेटरच्या गाडीला तेवढा मान द्यावा लागतो.

हे सगळं करून, नळ्या आणि कार्बचं किट (पॅकिंग, रबर वगैरे) बदलून, टाकी धुऊन झाल्यावर मगच मेन जेट एखादा नंबर मोठा. भोकाचा व्यास तीन-साडेतीन टक्के वाढला की सात टक्के पेट्रोल जास्त जातं, त्याच्यापुढं जाऊ नका, प्लग काळे होतील. आमच्याकडं क्रम नेमका उलटा चालतो, आधी जेट, मग नवीन कार्ब, मग नवीन पंप, आणि टाकीतला कचरा तसाच.

आता तक्रार. पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबराचे पार्ट आणि पॅकिंग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च किरकोळ. ठीक आहे, मान्य. पण कुठले पार्ट, कुठल्या रबराचे, आणि जिप्सी बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर मिळणार कुठं? बाजारात किट म्हणून जे मिळतं त्यातला डायफ्राम ई-२० ला टिकेल असं पाकिटावर कुणी लिहीत नाही. साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, म्हणजे ती वाट तूर्त बंद. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घाला, त्यात इथेनॉल नसतं, असा सल्ला देणारे भेटतात, त्यांनी ते बिल एकदा भरून बघावं.

म्हणून मागणं एवढंच. पेट्रोल पंपावर प्रत्येक नोझलपाशी किती टक्के इथेनॉल ते मराठीत, ठळक, वाचता येईल असं लिहा. आमच्या भागातल्या एका पंपावर विचारलं तर पोरगा म्हणाला साहेब पेट्रोल म्हणजे पेट्रोल. शक्य असेल तर तालुक्याला एका तरी पंपावर ई-१० ठेवा. किट विकणाऱ्यांना पाकिटावर ई-२० चालतं का नाही ते छापणं सक्तीचं करा. ताडोब्यात सफारीला जिप्स्याच पळतात, त्या इंजेक्शनच्या असल्या तरी जुनं रबर त्यांच्याही पोटात आहे आणि त्यावर तिथल्या पोरांची घरं चालतात, तेव्हा हा काही आमच्यासारख्या हौशी लोकांचाच प्रश्न नाही. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना एक जुना कार्ब हातात देऊन खोलायला लावा. सध्याची पोरं स्कॅनर लावायची जागा शोधतात, आणि कार्बच्या जिप्सीला ती नाहीच.

आपला,
एक जिप्सीवाला, कराड