मुक्काम प्रवेशद्वारापाशीच हवा

नागझिरा अभयारण्यातील तळ्याकाठची विश्रामगृहे पर्यटकांना मुक्कामासाठी खुली ठेवावीत, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘तिथे वीज नसल्याने त्रास होत नाही’ हे लेखकाचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. दिवा नसला तरी स्वयंपाकघर असतेच, आणि खरी अडचण तिथे आहे. उष्टे-खरकटे उघड्या खड्ड्यात टाकले की वानरे आणि रानडुकरे दिवसाढवळ्या अंगणात येऊ लागतात. वरून माती लोटून भागत नाही. डुकरे ती उकरतात. कचरा झाकणाच्या डब्यात भरून रोज जंगलाबाहेर न्यावा लागतो; नेमकी तीच फेरी गाडी नादुरुस्त झाली की आधी चुकते.

पाण्याचेही तसेच. शहरी मापाने माणशी रोज १३५ लिटर धरले, तर २० पाहुण्यांना २,७०० लिटर लागतात. एप्रिल-मेमध्ये लहान पाणवठे आटत असताना हा उपसा परवडणारा नाही. शिवाय शोषखड्डा तळ्याच्या उताराला असेल तर सांडपाणी झिरपणार कुठे, हे सांगायला नको.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या जंगलातील, कायमस्वरूपी पर्यटन सुविधा टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जुन्या इमारती पाडायची गरज नाही. गस्तीवरच्या वनरक्षकांना त्या द्याव्यात. पर्यटकांचा मुक्काम चोरखमारा, पिटेझरी या प्रवेशद्वारांलगतच्या गावांत झाला, तर खोलीभाडे आणि जेवणाचे पैसेही तिथल्याच घरांत जातील.

— एक वाचक, गोंदिया