तू ‘सोबत’ म्हणालास म्हणून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर लग्नाची बातमी सांगितली तेव्हा तुला झालेला आनंद आवाजातून कळत होता. फोन ठेवताना म्हणालास, “बरं झालं, उतारवयात सोबत झाली.” तो शब्द तेव्हापासून मनात रुतून बसलाय. राग नाही रे. पण आता सगळेच हा शब्द वापरतील. निदान तुला तरी खरं काय ते ठाऊक असावं.

सोबतीवाचून माझं अडलेलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत एकटं राहणं मला चांगलं जमलं होतं, आवडतही होतं. आईच्या आजारपणात घरात आणखी कुणी हवं असं वाटलं, तेही तिच्यासाठी.

आईचं डायलिसिस तुला माहीत आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, असं जवळजवळ तीन वर्षं. जिच्याशी लग्न करतोय, ती तिथेच तिच्या वडिलांना घेऊन यायची. बाहेरच्या बाकावर आमचं पहिलं बोलणं झालं ते दोन खेपांमध्ये वजन किती वाढलं, पोटॅशियम किती आलं, पाणी मोजून देताना भांडण होतं का, एवढंच. एकदा आत आईचं बीपी एकदम उतरलं. नर्सने पाय वर धरायला सांगितलं आणि माझे हात थरथरायला लागले. तिने पुढे होऊन आईचे पाय उचलून धरले आणि आईशी अगदी साध्या आवाजात बोलत राहिली.

तरुण माणसं एकमेकांसमोर येतात ती नीटनेटकी होऊन. आम्ही एकमेकांना पाहिलं ते जागरणाने सुजलेल्या डोळ्यांनी, चिडलेले, बसल्या जागी झोपलेले. लपवायला काही उरलंच नव्हतं. तरी ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर यायला दोन वर्षं लागली!

मग आई गेली. पुढच्या गुरुवारी मी सकाळी सातला तयार होऊन दाराशी उभा. आता कुठेच जायचं नाही हे तेव्हा आठवलं, आणि तरीही गेलो. तिने मान वर करून पाहिलं, बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. का आलास, असं विचारलं नाही. त्या दिवशी मला कळलं, मित्रा. हिला ‘सोबत’ कसं म्हणू?

लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं मी मागे वाचलं होतं. पुढचा काळ थोडा आहे असं जाणवलं की माणूस ओळखी वाढवत बसत नाही, मनाच्या जवळच्या मोजक्या माणसांकडे वळतो. आणि हे वयामुळे होत नाही, उरलेल्या वेळाच्या जाणिवेमुळे होतं. गंभीर आजारी असलेल्या तरुणांमध्येही तेच दिसतं. त्या बाकावर बसून मला ते पुरतं पटलं. अवघड गोष्टी आम्ही लवकर बोलून घेतल्या त्या त्यामुळेच.

सगळ्यात अवघड होती तिची मुलगी. ती मला वाईट वागवत नाही, पण आईचं घर उद्या कुणाचं, ही शंका तिच्या डोळ्यांत दिसायची. शंका रास्तच होती. मला इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आठवला. हॅरिएट टेलरशी त्याची ओळख झाली १८३० मध्ये, तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. तिचा नवरा १८४९ मध्ये वारला आणि १८५१ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, त्यांचं लग्न झालं. लग्नाआधी मिलने एक निवेदन लिहून ठेवलं. पत्नीच्या मालमत्तेवर आणि स्वातंत्र्यावर त्या काळचा कायदा नवऱ्याला जे हक्क देत होता, ते आपण कधीही वापरणार नाही, असं. मला ते फार मोठं वाटतं. आम्हीही बसून मृत्युपत्रं केली. तिचं घर मुलीचं, माझं जे आहे ते माझ्या भाच्यांचं. आजारपणात निर्णय कोण घेणार, तेही लिहिलं. सही करताना तिची मुलगी पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली.

मिलला लग्नानंतर हॅरिएट जेमतेम साडेसात वर्षं लाभली. हा हिशेब माझ्याही डोक्यात येतो, रात्री जास्त येतो. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, “मी एकदा एका माणसाला पोचवून आले आहे. मला माहीत आहे मी काय मागते आहे.”

तिच्या नवऱ्याचा फोटो आमच्या खोलीत राहणार आहे. तिने काढू का म्हणून विचारलं तेव्हा मीच नको म्हणालो. त्या माणसाबरोबर ती बावीस वर्षं राहिली. मी जिच्यावर प्रेम करतो ती या बावीस वर्षांतूनच घडली आहे.

लग्न नोंदणी पद्धतीने, पुढच्या महिन्यात. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी आहे. तिनेच सुचवलं, तुला अजून भेटलेली नसताना. बाकावर मी तुझ्याबद्दल इतकं बोललोय की तुझ्या अक्षराचं वळणसुद्धा तिला ठाऊक आहे.

येशील ना? आदल्या दिवशीच ये. त्या संध्याकाळी आपण तिघं बसू.

तुझाच