वाटी नेमकी कोणती?

प्रिय आई-बाबा,

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "२५० ग्रॅम दही म्हणजे किती गं?" आणि मी हातातलं काम न सोडता "एक वाटी" असं सांगून मोकळी झाले. केक कोरडा झाला, वर भेग पडली आणि आईने कृती लिहिणाऱ्याला नावं ठेवली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही गं आई. मी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली जुनी मोठी वाटी होती. आता दोघांपुरतं लागतं म्हणून तुम्ही लहान वाटी काढली आहे, हे मला केक बिघडल्यावर कळलं.

तर आता नीट लिहून पाठवते. बाबा, वहीत चिकटवून ठेवा.

खरं तर दह्याचं गणित सगळ्यांत सोपं. साधं दही पाण्यापेक्षा जेमतेम तीन टक्के जड असतं. १०० मिलिलिटर दह्याचं वजन साधारण १०३ ग्रॅम. म्हणजे २५० ग्रॅम दही मापाने २४३ मिलिलिटरच्या आसपास. हा सात मिलिलिटरचा फरक विसरून जा, तेवढं दही वाटीला चिकटूनच राहतं. मैद्याची गोष्ट वेगळी, तो वाटीभर घेतला तर त्याच वाटीतल्या पाण्याच्या जवळपास निम्म्याच वजनाचा भरतो. तिथे ग्रॅम आणि मिलिलिटर एकच धरले की फसलंच.

गोंधळ घालते ती वाटी. आणि कपही काही कमी नाही. अमेरिकी कृतीतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २०चा!

म्हणून एकदाच एक काम करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, काठापर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. आकडे बारीक दिसतात अशी आईची तक्रार असते, तेव्हा वाचायचं काम बाबांचं. समजा १८० आले, तर त्या वाटीत दही साधारण १८५ ग्रॅम. मग २५० ग्रॅमसाठी एक वाटी आणि वर १५ मिलिलिटरचे चार मोठे चमचे, सपाट भरून. रविवारी हे चार चमचेच राहून गेले.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट, कारण तू दही आधी फेटतेस. जोरात फेटलं की त्यात हवा शिरते, दही फुगतं आणि वाटी लवकर भरते, वजन मात्र कमी. माप आधी घे, फेट नंतर. घट्ट दह्याच्या कवड्या वाटीत टाकल्या तर मध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे वाटी दोनदा हलकेच आपट.

चक्क्याला मात्र वरचं गणित लावू नका. ५०० ग्रॅम दही टांगून पाणी काढलं आणि २५० ग्रॅम उरलं, तर निम्मं वजन पाण्याबरोबर गेलं. कृतीत घट्ट, पाणी काढलेलं दही सांगितलं असेल आणि तुम्ही तितकंच साधं दही घातलंत, तर वजन बरोबर येऊनही पीठ सैल होणार. उलट साधं दही हवं असताना चक्काच घरात असेल, तर त्याचं निथळलेलं पाणी परत मिसळा. ते पाणी फेकू नका, हे मी तुला सांगायला नको. चक्का वाटीत नीट बसतही नाही, तो सरळ काट्यावरच मोजा.

काटा बंद पडला तर बाबांच्या औषधाबरोबर आलेला मिलिलिटरच्या खुणांचा छोटा कप आहे ना, तो धुऊन त्याने वाटीत पाणी मोजा. वेळ लागेल, पण एकदाच करायचं आहे.

आणि ती मोठी वाटी अजून फडताळात असेल, तर तिच्यातही पाणी भरून बघा. आकडा मला कळवा, मी दिवाळीला येईन तेव्हा तीच काढू.

तुमची,
धाकटी