स्पीकर घेण्याआधी खुर्चीची जागा ठरव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सात मीटर लांब, पाच मीटर रुंद खोली, आणि तीही फक्त गाणी ऐकायला! वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसलो. पण जुने स्पीकर तसेच ठेवून दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं म्हणतोस, ते कृपा करून करू नकोस.

दुप्पट वॅट म्हणजे आवाजात जेमतेम ३ डेसिबलची वाढ (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप). आधी तू दोन मीटरवर बसायचास, आता चार मीटरवर बसणार. अंतर दुप्पट झालं की थेट कानावर येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. भिंतींवरून परतणारा आवाज त्यातलं थोडं भरून काढतो, सगळं नाही. ६ डेसिबल वॅटने भरून काढायचे तर चौपट ताकद हवी. त्यापेक्षा ८६ ऐवजी ९२ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारे) स्पीकर घेतलेस, तर आहे तोच अ‍ॅम्प्लिफायर पुरेल. माहितीपत्रक मात्र डोळ्यांत तेल घालून वाच. स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असेल आणि सेन्सिटिव्हिटीचा आकडा २.८३ व्होल्टला दिला असेल, तर तो एका वॅटचा नसून दोन वॅटचा असतो. त्यातले ३ डेसिबल सरळ वजा कर.

आता खर्जाचं. मोठ्या खोलीत आलो तेव्हा मीही पाच इंची वूफरचे, म्हणजे खर्ज वाजवणारा भाग पाच इंची असलेले, स्पीकरच लावले होते. एका संध्याकाळी तबला ऐकत होतो. डग्ग्यावर तळहात सरकवून वाकवलेला तो 'घे' यायचा, तेव्हा वूफरचा पडदा डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे थडथडायचा, आणि कानावर यायचं नुसतं 'टप'. घुमाराच नाही! फार वाईट वाटलं होतं तेव्हा. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. लहान पडदा ती आणणार कुठून? आठ इंची पडद्याचं क्षेत्रफळ पाच इंचीच्या साधारण अडीचपट भरतं. म्हणून जमिनीवर उभे राहणारे, प्रत्येकात एक आठ इंची किंवा दोन साडेसहा इंची वूफर असलेले स्पीकर बघ. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, नंतर कधीही जोडता येतो.

पण त्याआधी बसायची जागा ठरव. तुझ्या खोलीच्या लांबीत ४९ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्ही टोकांच्या भिंतींपासून पावणेदोन मीटरवर जवळजवळ मरतो, आणि भिंतीला टेकून बसलास तर फुगतो. स्पीकर भिंतीपासून एक मीटर पुढे ठेवून तू चार मीटरवर बसलास, तर तुझ्या पाठीमागे उरतात दोन मीटर, म्हणजे खर्ज मरतो त्या खड्ड्याचा काठच. खुर्ची अर्धा मीटर पुढे घे, लगेच कळेल. त्यात तुझं स्पीकरपासूनचं अंतरही कमी होतं, हा वेगळाच फायदा. जुन्याच स्पीकरवर आठवडाभर हे करून बघ. स्पीकर तुझ्याकडे किती वळवायचे ते कानच सांगतील. गाणारा बरोबर मधोमध उभा राहिला की थांब.

खुर्चीपासून स्पीकरपर्यंतचं अंतर आणि अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट मला कळव. मग कोणते स्पीकर ऐकायला जायचं ते दोघं मिळून ठरवू. मी येतोच सोबत.

तुझाच,
जुना मित्र