पुस्तकातलं पिठलं आणि आमच्या घरच्या पातोड्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतली पाककृती आमची मंडळी दर आठवड्याला कापून ठेवते, पण त्यातली एकही अजून आमच्या गॅसवर चढली नाही, कारण कधी पनीर कधी मशरूम कधी ते बेबी कॉर्न, आणि आमच्या आठवडी बाजारात यातलं काहीच भेटत नाही. ही तक्रार नाही, म्हणजे थोडी आहे, पण पत्राचं कारण वेगळं आहे.

झालं असं की दिवाळीनंतर मंडळीचा उजवा हात फ्रॅक्चर झाला, दीड महिना प्लास्टर, पोरगी हॉस्टेलला, म्हणजे सैपाक माझ्याकडे आला. भाकरी शेजारच्या काकू टाकून द्यायच्या पण रातचं कोरड्यास माझं, आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं. तालुक्याला गेलो तेव्हा स्टँडजवळून एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो, कव्हरवर हजाराच्या वर पदार्थ असं छापलेलं, आत चकाचक फोटो. पहिल्याच राती पातळ पिठलं काढलं. एक वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी असं लिहिलं होतं, मी इमानदारीनं मोजून टाकलं, हलवता हलवता चमचा कढईत उभा राहायला लागला. मंडळीनं वाकून पाहिलं अन म्हणे, "हे पातोडीचं झालं जी, आता ताटाला तेल लावा अन थापा." थापलं, वड्या पाडल्या, मग रस्सा कसा करायचा ते त्या पलंगावर बसून सांगत गेल्या, आणि जेवायला साडेनऊ वाजले. पातळ पिठल्याला बेसनाच्या तिप्पट-चौपट पाणी लागते हे त्या राती कळलं, पुस्तकाला ते माहीतच नव्हतं.

दुसऱ्या राती वरण. पुस्तकात तूर डाळीला तीन शिट्ट्या. आमचं गाव खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यातलं, बोअरचं पाणी जड आणि खारट, त्यात डाळ कितीही शिजवा ती दाणा सोडत नाही, गॅस मात्र संपते. आता यात त्या पुस्तकवाल्याची चूक नाही, हे मी मान्य करतो, पण डाळ आधी अर्धा-एक तास भिजवा, नळाचं गोडं पाणी असेल तर तेच घ्या, दाणा बोटानं दाबून पहा, एवढं लिहायला काय हरकत होती? कारण कुकर लहानमोठा, गॅस मोठा-बारीक, नुसत्या शिट्टीच्या भरवशावर सैपाक होत नाही हे मी आता छातीठोक सांगतो.

मग गावच्या वाचनालयात जाऊन बसलो. छोटंसं वाचनालय आहे, पण पाककृतीची सात-आठ पुस्तकं निघाली. एक तर इतकं जुनं की त्यात शेर आणि तोळे, साडेअकरा ग्रॅमच्या वर जरासा एक तोळा, ते हिशोब करता करता भूक मेली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं, 1970 चं पुस्तक, पण सगळं वाटी-चमच्याच्या मापात, म्हणून माझ्यासारख्या अडाण्यालाही समजलं. फक्त रोज एकच वाटी धरायची, आमच्या घरात चार साईजच्या वाट्या आहेत अन मी ज्या दिवशी जी हाताला लागेल ती घ्यायचो. नव्या पुस्तकांत कप लिहिलेला असते, तो 240 मिलीचा, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान राहते, तर कपाचं माप वाटीनं घेतलं की भात कमी पडणारच.

आता मी पुस्तक कसं पाहतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. जो पदार्थ आपल्या घरी बरोबर होते तोच आधी काढायचा, साधं फोडणीचं वरण नाहीतर आलू-वांगे, आणि वाचत वाचत मनातल्या मनात करायचा. तिथंच माप चुकलेलं असेल तर पुढची हजार पदार्थांची जत्रा काय कामाची. दुसरं, किती जणांसाठी आहे ते लिहिलेलं पाहिजे. "चवीपुरतं मीठ" हे ज्याला चव माहीत आहे त्याला ठीक, नवशिक्याला अर्धा चमचा की एक ते सांगा. फोडणीला तेल किती हे तर बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि तेलाचं पाकीट आज काय भावानं आहे ते तुम्हालाही माहीत आहे. आणि कांदा "तेल सुटेपर्यंत परता" असं डोळ्याला दिसणारं काही लिहिलं असेल तर समजायचं की लिहिणाऱ्यानं स्वतः कढईसमोर उभं राहून केलेलं आहे. वाचनालयाच्या पुस्तकात हळदीचे डाग पडलेली पानंही पहा, लोकांनी खरंच करून पाहिलेली तीच.

एक गोष्ट मात्र मला कुठंच नीट भेटली नाही. रेशनच्या तांदळाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, पालक अन डाळीची डाळभाजी, हिवाळ्यात तुरीचे सोले घालून वांगे, कढीगोळे, हे आमचं रातचं जेवण, पन्नास-साठ रुपयांत चार माणसं पोटभर जेवतात. कंट्रोलमध्ये माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट भेटते, त्यातल्या तांदळाचं रोज वेगळं काय करावं हा आमच्याकडे खरा प्रश्न आहे, त्यावर तुमच्या पुरवणीत अर्धं पान कधी येईल का? माप वाटीत द्या, माणसं किती ते द्या, खर्च अंदाजे द्या. आणि पाककृती विदर्भातल्या बायांकडूनच मागवा, म्हणजे त्या सांभार लिहितील, फल्लीदाणे लिहितील. तिकडे पुण्या-मुंबईत सांभार म्हटलं की लोक इडलीसोबतचा समजतात, त्यांच्यासाठी पाहिजे तर खाली कोथिंबीर, शेंगदाणे असं बारीक अक्षरात छापून टाका.

आपला,
एक नियमित वाचक
दर्यापूर तालुका, जि. अमरावती