परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याआधी

शहापूर, बेळगाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर घाईत विचारलंस, "आई, गुण द्यायचे कसे गं?" तेव्हा कुकरच्या शिट्या चालल्या होत्या, म्हणून आता निवांत लिहिते.

खानापूरच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय १९२४ चं बेळगाव अधिवेशन आहे म्हणालीस. मग बहुतेक पोरं 'गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन' या वाक्यानेच सुरुवात करणार. वाक्य खरं आहे, पण ते सगळ्यांना सरांनीच लिहून दिलेलं असतं. त्यापुढे पोर काय बोलतं ते ऐक. अधिवेशनाला येणाऱ्यांच्या पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. ती कुणी जाऊन बघून आलं असेल आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं स्वतःची बोललं, तर 'विषयाची मांडणी'च्या रकान्यात हात सैल सोड.

पाठांतराला नाक मुरडू नकोस. त्या वयात सगळीच पाठ करून येतात. बघायचं ते अडखळल्यावर. डोळे पंख्याकडे जातात, हात फ्रॉकची कड चुरगळतो आणि काही मुलं परिच्छेदाच्या पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतात. एखादं मात्र गाळलेलं तसंच सोडून, जमेल त्या शब्दांत वाट काढतं. माझा कल कायम या दुसऱ्याकडे, मग त्याची भाषा थोडी ओबडधोबड का असेना.

आता आपल्याकडची खरी अडचण, टाळ्यांची. १९४६ च्या इथल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून हा विषय घराघरात आहे. व्यासपीठावरून कुणीही 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी' एवढं म्हटलं की मंडप दणाणतोच. आपणही वाजवतो की! पण ती टाळी विषयाला असते, वक्त्याला नव्हे. अधिवेशनावर बोलता बोलता एखादा हुशार पोरगा शेवटच्या मिनिटाला तिकडे वळेल, आवाज चढवेल, लोक उभे राहतील. तू मान खाली घालून बघ, हे वळण आधीच्या बोलण्यातून आलं की टाळ्यांसाठी चिकटवलं. गेल्या महिन्यात एका गावच्या कार्यक्रमात मोठ्या वक्त्यानेही हेच केलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, विनोदाची वेळ अचूक, हे सगळं कबूल. पण मुद्दा संपत आला की घोषणा, पुढचा सुचला नाही की घोषणा. घरी येताना अप्पांना विचारलं, काय सांगितलं हो त्यांनी? "फार छान बोलले," म्हणाले. एवढंच!

'हावभाव'ला गुणपत्रिकेत दहा-वीस गुण असतील, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. ज्यांच्यावर ही पोरं बोलणार ते गांधीजी संथ, हळू आवाजात बोलायचे, हातवारे नाहीत. त्या रकान्यात तेच नापास झाले असते.

उच्चारांबद्दल मात्र मी भांडेन. बाहेरून आलेले परीक्षक आपल्या पोरांच्या हेलाला गुण कापतात. घरी मराठी, बाजारात कन्नड, त्यातून हेल येणारच. शब्द तोंडातल्या तोंडात गिळला तर काप, 'करालोय' म्हटलं म्हणून कापू नकोस.

पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीने लिही. सुरुवातीला आपला हात आखडतो, पुढे सैल होतो आणि आधी बोललेल्याचं नुकसान होतं. तिघं झाले की मागे वळून नीट कर, मगच पेन घे. वेळेची घंटा दुसऱ्या कुणाकडे दे. तू घड्याळ बघायला लागलीस की पोरं तुझ्याच तोंडाकडे बघून घाबरतात.

निकालाआधी बेरीज दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घे. अर्ध्या गुणाने नंबर हुकला की पालक गुणपत्रिका मागतात आणि ते बरोबरच आहे.

तुझी,
आई